काचेवरची साय

९ जानेवारी, शुक्रवार

लेकीने नवीन वर्षाला ही डायरी दिली आणि वर दम दिला, "आई, यात किराण्याची यादी लिहायची नाही." म्हणून आठ दिवस कोरीच ठेवली. निवृत्त बाईच्या दिवसात लिहिण्यासारखं असतं तरी काय? सकाळी डावा गुडघा दुखला, संध्याकाळी उजवा. आज मात्र लिहिण्याजोगं घडलं.

दुपारी संस्थेतून फोन आला. पोरीचा आवाज होता. "मॅडम, मी तुमच्या सरांच्या प्रयोगशाळेत काम करते." सरांना जाऊन तीस वर्षं होतील, तरी कुणी 'तुमच्या सरांच्या' म्हटलं की अजून बरं वाटतं. त्यांच्या काचपट्ट्यांबद्दल काही विचारायचंय, सोमवारी याल का, गाडी पाठवते, म्हणाली. मी विचारलं, बस बंद झाली का? नाही म्हणाली. मग बसने येते म्हटलं.

इस्त्रीची साडी काढून ठेवली आहे. तीन दिवस आधीच. माझं मलाच हसू येतंय.

१२ जानेवारी, सोमवार

तिसऱ्या मजल्यावरची तीच खोली. दार मात्र बदललंय, कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नाही. आत पांढरा उजेड, पांढरी टेबलं. आमच्या वेळचं म्हणून एक कोपऱ्यातलं दगडी सिंक राहिलंय. त्याच्या कडेचा टवका सरांनी तपकिरी बाटली आपटून पाडलेला. त्यावरून बोट फिरवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. वासाने आलं म्हणून खपवलं. वास कुठला, आता सगळं काचेच्या कपाटात चालतं.

पोरगी किडकिडीत आहे. चष्मा डोक्यावर ठेवते आणि टेबलभर शोधते. मनातल्या मनात मी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. तिने चहा दिला आणि आढेवेढे न घेता विषयाला हात घातला.

"मॅडम, चार महिने झाले. सरांच्या पुस्तकात जे लिहिलंय ते मी जसंच्या तसं करते. तेच द्रावण, तशाच पट्ट्या. लेपाच्या पृष्ठभागावर त्यांना फ्लोरीन मिळालं शंभरात ४६. माझं बावीसच्या वर जात नाही."

"यंत्र बिघडलं असेल."

"तीनदा तपासलं."

"मग हात."

ती हसली नाही. म्हणाली, "फेब्रुवारीअखेर मला अहवाल द्यायचाय. हे पुन्हा होत नाही, असं लिहावं लागेल. आणि असं लिहिलं की लोक एकच अर्थ काढतात."

"कुठला?"

"की सरांनी आकडे मनाने लिहिले."

माझं डोकंच फिरलं. सरांनी आकडे मनाने लिहिले! मी तिला सांगितलं, बाळ, या संस्थेचा नोंदवही विभाग मी एकोणीस वर्षं सांभाळलाय. 'केलं ते लिहा, लिहिलं ते करा' ही पाटी भिंतीवर मी लावली. एका खाडाखोडीसाठी मी चांगली बाप्ये माणसं रडवली आहेत. आणि हे सगळं मी ज्यांच्याकडून शिकले, त्यांच्याबद्दल तू बोलतेस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला बोलावलं. त्या पट्ट्या तुम्हीच करायचात ना? मला करून दाखवाल?"

पुढच्या सोमवारी जायचं ठरलं.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून जुनी खोली डोळ्यांपुढून हलत नाही.

लेकीला कळावं म्हणून लिहून ठेवते, नाहीतर ती विचारेल, काच रंगवण्यात एवढं काय. लेपाच्या द्रावणात फ्लोरीनचा अंश अगदी चिमूटभर असतो. लेप ओला आहे तोवर तो चिमूटभर अंश हळूहळू वर सरकतो आणि पृष्ठभागावर येऊन बसतो, कारण खालच्या मंडळींशी त्याचं पटत नाही. मग वरच्या पातळशा थरात त्याची दाटी होते आणि पाणी तिथे टेकायला तयार होत नाही. एकदा पट्टी ओव्हनमध्ये भाजली की लेप घट्ट होतो, ज्याची त्याची जागा कायमची ठरते.

पट्टी बुडवायचं काम माझं. श्वास रोखून सरळ वर ओढायची, हात हलला की लाट उमटते. भाजून झाली की वर पिचकारीने एक थेंब ठेवायचा आणि दिव्यासमोर भिंगातून बाजूने बघायचं. साध्या काचेवर थेंब पसरतो. चांगल्या लेपावर तो गोळा होऊन बसतो, रुसलेल्या पोरासारखा. मग त्यातल्या दोन पट्ट्या टपालाने मोठ्या विद्यापीठात जायच्या, तिथल्या क्ष-किरणांच्या यंत्राखाली. तीन आठवड्यांनी पत्राने आकडा यायचा. त्या तीन आठवड्यांत सर आणि मी टपालवाल्याची पावलं ओळखायला शिकलो.

सर खिडकीशी भिंगाला डोळा लावून बसलेले, पाठ दाराकडे, कानावर पेन्सिल. तीच पेन्सिल ते दिवसातून चारदा शोधायचे. गुणगुणायचे ते बेसूर. मी यायच्या आधी त्यांचे आकडे वीस-बावीसच होते. मी आल्यावर चौथ्या महिन्यात पत्र आलं, ४६. सरांनी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, मग उठून तोंड धुतलं. म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे." आणि थोड्या वेळाने, भिंगात बघत बघतच, "साय धरायला रात्रभर लागते, नाही का?"

मी म्हटलं, "दूध चांगलं असेल तर चार तासांत धरते, सर."

ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मला वाटलं भूक लागली असेल. दुसऱ्या दिवशी डब्यात साय-साखर नेली, त्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली.

एकच सल राहिला. माझं अक्षर शाळेपासून बक्षिसाचं. सरांचं म्हणजे शाईत बुडालेल्या मुंगीचे पाय. तरी नोंदवहीला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. "तुमचं अक्षर मला लागत नाही, बाई," म्हणाले. तीन वर्षांत एक ओळ लिहू दिली नाही. ते अजून लागतं मनाला.

१५ जानेवारी, गुरुवार

आज लेकीचा फोन. तासभर. एकदा तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. तिच्या दवाखान्यात गुडघे-खांदे घेऊन येणारी माणसं अर्धी तर तिचं बोलणं ऐकूनच बरी होत असतील. घरात आम्ही तिला बडबडी म्हणतो.

चार वर्षांची होईपर्यंत बडबडी एक शब्द बोलली नव्हती. ऐकूच येत नव्हतं, हे आम्हाला कळलंच उशिरा. कानाला यंत्र बसवलं, पण बोलणं शिकवावं लागणार होतं. ते शिकवणाऱ्या एकच बाई, गावाच्या दुसऱ्या टोकाला. वेळ साडेचार ते सहा, आठवड्याचे पाच दिवस, आणि आईने शेजारी बसलंच पाहिजे अशी अट. हे बोटीवर, सहा-सहा महिने पाण्यात. संस्था सुटायची सहाला.

मोठे साहेब म्हणजे तेव्हाचे आमचे संचालक. लवकर जाणाऱ्या दोन बायकांना त्यांनी त्याच वर्षी काढून टाकलं होतं. तरी मी धीर करून विचारलं. सर शेजारीच उभे होते. साहेबांनी नाही म्हटलं आणि सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम, बाई." मी जिन्यात बसून रडले. त्या दिवशी सरांचा इतका राग आला होता!

आणि गंमत बघा. दुसऱ्याच दिवशी पावणेचारला सर म्हणतात, "या बाटल्या मागच्या इमारतीत धुवायला न्या. मागच्या दाराने जा, पुढून साहेबांना आवाज जातो. धुऊन होईपर्यंत तिथेच थांबा, घाई नको." मला संधी दिसली. बाटल्या टाकल्या, मागच्या फाटकातून बाहेर, बस पकडली, शाळेतून पोरीला उचललं, साडेचारला वर्गात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेचार, पुन्हा बाटल्या. तिसऱ्या दिवशीही. तीन वर्षं! बाटल्या धुवायला सव्वादोन तास लागत नाहीत हे त्या भल्या माणसाच्या एकदाही लक्षात आलं नाही. इतका विसराळू माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पट्ट्यांचं काम मी अडू दिलं नाही. निघताना ओल्या पट्ट्यांवर काचेचं झाकण घालायची, धूळ बसायला नको. सकाळी पावणेआठला येऊन ओव्हनमध्ये. नऊला सर आले की सांगायची, काल दहा मिनिटं वाळवून भाजल्या. ते लिहून घ्यायचे. दहा मिनिटं काय नि सकाळपर्यंत काय, वाळलं ते वाळलं.

हे मी फक्त ह्यांना सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "विसराळू?" आणि पेपर वाचत बसले. लेकीला कधीच बोलले नाही. तिच्यापुढे मी शिस्तीची मूर्ती.

१९ जानेवारी, सोमवार

आज पट्ट्या बुडवल्या. हात थरथरेल अशी भीती होती, पण नाही थरथरला. चष्मेवाली श्वास रोखून बघत होती. सहा पट्ट्या, एकीवरही लाट नाही. म्हाताऱ्या बोटांचं कौतुक वाटलं.

मग झालं ते लिहिते. पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि माझा हात आपोआप शेजारच्या मोठ्या काचेच्या भांड्याकडे गेला. ते मी पट्ट्यांवर पालथं घातलं. आणि दुसऱ्या हाताने खुर्चीवरची पर्स उचलली.

"हे काय?" चष्मेवालीने विचारलं.

"धूळ बसू नये म्हणून. आम्ही असंच करायचो."

"पुस्तकात झाकण नाहीये."

"पुस्तकात सगळं कुठे लिहितात!"

ती वाकून भांड्यात बघायला लागली. "आत वाफ कोंडते यात. उघड्यावर लेप पाच मिनिटांत वाळतो, म्हणून मी वीस मिनिटं, तीस मिनिटं ठेवूनही काही फरक पडला नाही. पण असा झाकला तर तो कितीतरी वेळ ओलाच राहील..." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, असं किती वेळ ठेवायचात?"

पर्स हातातच होती.

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

दहा मिनिटांनी भांडं उचललं. पट्ट्या अजून ओल्या चकाकत होत्या. तशाच ओव्हनमध्ये गेल्या.

२० जानेवारी, मंगळवार

पावणेचार ते पावणेआठ. बोटांवर मोजले, सोळा तास. पुन्हा मोजले. तेवढेच भरतात.

माझ्या हाताला कसला गुण? सोळा तास लेप झाकणाखाली ओला राहिला आणि फ्लोरीनला वर यायला वेळ मिळाला, एवढंच. मी दहा सांगितलं, सरांनी दहा लिहिलं, दहाच पुस्तकात गेलं. आकडा खरा होता. खोटी मी.

२२ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस मूग गिळून बसले आहे. फोन वाजला की धाबं दणाणतं.

सांगायला जायचं म्हणजे कुणी सांगायचं? ज्या बाईने एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी पकडल्या तिने. एकाला तर मी पाच मिनिटांच्या फरकासाठी लेखी माफी मागायला लावली होती. तो अजून बाजारात दिसला की रस्ता बदलतो. उद्या त्याला हे कळेल. लेकीला कळेल. मग वाटतं, गप्प बसावं. दोन वर्षांत लोक विसरतील, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिलंय. खोडणार नाही. राहू दे इथेच, माझ्या डोळ्यांसमोर.

२७ जानेवारी, मंगळवार

चष्मेवालीचा फोन. "मॅडम, तुमच्या हातच्या पट्ट्यांचाही आकडा आला. चोवीस." आवाज बसलेला. "आता लिहून टाकते. मला फार वाईट वाटतंय. शाळेत असताना त्यांचं पुस्तक हाती आलं होतं. तेव्हाच ठरवलं होतं, आपण हेच काम करायचं. आणि मीच त्यांना खोटं ठरवायला बसले."

माझ्या तोंडून निघालं, "एक दिवस थांब."

"का?"

"उद्या येते मी. समोर बसून सांगते."

२८ जानेवारी, बुधवार

सांगितलं. सगळं सांगितलं, बाटल्या, बस, वर्ग, झाकण. तिने शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "चार महिने गेले माझे, मॅडम."

"हो."

"आणि त्या दिवशी मी तोंडावर विचारलं, तरी तुम्ही दहाच म्हणालात."

"हो."

ती उठून खिडकीशी गेली. डोक्यावरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोक्यावरच ठेवला. मला वाटलं आता जा म्हणेल. जा म्हणाली असती तर मुकाट उठले असते.

"चला," ती म्हणाली, "बुडवा."

चहा नाही, गप्पा नाहीत. सहा पट्ट्या बुडवल्या. तीन उघड्या, तीन झाकणाखाली. मी म्हटलं, सकाळी पावणेआठला मीच येऊन ओव्हनमध्ये घालते. तिने कार्ड न देता म्हटलं, "दोघी घालू."

२९ जानेवारी, गुरुवार

पहिल्या बसने गेले. ती दारात उभीच होती. पट्ट्या भाजल्या, गार झाल्या, तिने झाकणातल्या पट्टीवर थेंब ठेवला. आता भिंगात बघावं लागत नाही, पडद्यावर दिसतं. मी पडद्याकडे बघितलंच नाही. वाकून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. थेंब गोळा होऊन बसला होता, पट्टी जराशी कलली आणि तो गडगडत खाली गेला. एकतीस वर्षांनी. मला हसू फुटलं आणि ते हसू म्हणता म्हणता भलतीकडेच गेलं. पोरीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

पट्ट्या यंत्राकडे गेल्या. तिथे रांग आहे, दहा दिवस तरी लागतील म्हणाली.

९ फेब्रुवारी, सोमवार

४५, ४६, ४५. उघड्या पट्ट्या २२.

चष्मेवाली जिना उतरून फाटकापर्यंत धावत आली आणि रस्त्यातच मला मिठी मारली. सर खरे ठरले. जिवात जीव आला. वर गेल्यावर आज चहा मिळाला, बिस्किटंसुद्धा.

मग ती तळघरातून काढलेली जुनी नोंदवही घेऊन बसली. अहवालाला जोडायची होती. मुंगीच्या पायांची ती अक्षरं बघून मला भरून आलं. ती पानं उलटत गेली आणि मध्येच थांबली.

"मॅडम, एक विचारू? इथे रोज लिहिलंय, 'सहाय्यक सहाला गेली.' आणि खाली, 'मी सव्वासहाला.' सर सव्वासहापर्यंत बसायचे कुठे?"

"इथेच. या खिडकीशी."

"आणि झाकणाखालच्या पट्ट्या?"

"इथेच. त्यांच्या कोपराशी."

चांगली पोरगी आहे. वही माझ्याकडे सरकवली आणि बिस्किटाचा पुडा बंद करत बसली. मी पानं उलटली. सहाला गेली. सहाला गेली. सहाला गेली. तीन वर्षं, आठवड्याचे पाच दिवस, एकही दिवस न चुकता. एका सोमवारी मी तापाने अंथरुणात होते, त्या दिवशीच तेवढं 'गैरहजर' लिहिलंय. म्हणजे रोज कोण आलं, कोण गेलं, हे त्या विसराळू माणसाला नीट ठाऊक होतं.

घरी कशी आले ते सांगता येणार नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सर, तुम्ही मला बाटल्या धुवायला पाठवत नव्हता.

किती मूर्ख मी! माझ्या हुशारीवर मी तीस वर्षं मनात टाळ्या वाजवल्या. मागच्या दाराने जा म्हणाले, घाई नको म्हणाले, माझ्याकडे पाठ करून बसले, आणि मी समजत होते की मीच त्यांना चकवते आहे. साय म्हणाले होते. रात्रभर लागते, म्हणाले होते. इतकं उघड सांगितलं, तर मी त्यांना दुधाचं गणित शिकवलं आणि वर डबा नेला. ह्यांनासुद्धा तेव्हाच कळलं होतं. एक मलाच कळलं नाही.

आणि अक्षर. एवढी वर्षं मी मनात कुढत राहिले की सरांना माझं अक्षर आवडत नव्हतं. त्या वहीत माझ्या हातची एकही ओळ नाही, म्हणून माझ्या हातची एकही खोटी ओळ नाही. त्यांनी ती लिहूच दिली नाही. त्या कोऱ्या हातांनी मी पुढे नोंदवही विभागाची प्रमुख झाले आणि लोकांना खरेपणा शिकवत बसले.

रागही येतो. सोळा तास म्हणून लिहिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं की सहाला इथे असलेल्या बाईने पट्ट्या भाजल्या का नाहीत. म्हणून दहा लिहिलं. पण तेच दहा पुस्तकात गेलं, आणि या पोरीचे चार महिने गेले, आणखी कुठे कुठे कुणाचे गेले असतील. पुस्तक छापून आलं तेव्हा बडबडीचा वर्ग संपला होता, मला दुसरीकडे बदलीही मिळाली होती. मग दुरुस्त का नाही केलं? सात महिन्यांत ते गेले. करायचं राहून गेलं, की करणारच नव्हते, हे मला कधीच कळणार नाही. सर, तुम्ही मला एकदा सांगायला हवं होतं. मी तुमच्या पाया पडले असते आणि भांडलेही असते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चष्मेवालीला माझ्या सहीचं निवेदन हवंय. चार ओळी पुरतील म्हणाली. "तुम्हाला जसं योग्य वाटेल तसं लिहा," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली.

लिहिलं. पट्ट्या सोळा तास झाकून होत्या, सहाय्यक परवानगीशिवाय पावणेचारला जात असे, तिने वेळ चुकीची सांगितली. शेवटी लिहिलं, 'प्रमुखांना याची कल्पना नव्हती.'

एवढी एक ओळ, आणि सर अगदी धुतल्या तांदळासारखे. आकडाही खरा, माणूसही खरा. सगळं खापर माझ्यावर, आणि ते मला चालणार आहे. एकोणीस वर्षांत मी पकडलेल्या सगळ्या खोट्या ओळींमध्ये ही सगळ्यात वळणदार अक्षरातली आहे. कागद घडी करून डायरीत ठेवलाय. पाठवायला हात उचलत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लेक आली. जेवण झाल्यावर तिला समोर बसवून सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं. वाटलं, म्हणेल, मला शाळेच्या वहीतल्या खोट्या नोंदीवरून ओरडायचीस ना?

तसं काही म्हणाली नाही. बडबडी पहिल्यांदाच गप्प बसली. मी घाबरले, कानातलं यंत्र बंद पडलं की काय. मग तिने विचारलं, "ते मला कधी भेटले होते?"

"एकदा. तू सात वर्षांची असशील. संस्थेच्या फाटकात. तू त्यांना तुझ्या नव्या बुटांबद्दल सांगितलंस. लेस, रंग, दुकानदार, सगळं. ते रस्त्यात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते."

"आणि तुला काय म्हणाले?"

"काही नाही. मुलगी फार बोलते तुमची, म्हणाले."

ती रडायला लागली. मग मीही. दोघींनी रडून घेतलं, चहा केला, आणि मी तिला निवेदन दाखवलं. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे नको, आई."

"अगं, त्यांचं नाव स्वच्छ राहील. खोटी वेळ त्यांनी जाणूनबुजून लिहिली, हे लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तू असं लिहिलंस तर त्यांना काहीच ठाऊक नव्हतं असं होईल. त्यांनी माझ्यासाठी काही केलंच नाही असं होईल." नाक पुसून म्हणाली, "त्यांनी केलंय ते. तू ते त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस."

मी तो कागद फाडला. नवा घेतला. सावकाश लिहिलं, माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात. 'पट्ट्या रोज सोळा तास झाकणाखाली ओल्या होत्या. सहाय्यक पावणेचारला जात असे, कारण तिच्या मुलीचा बोलायला शिकण्याचा वर्ग साडेचारला असे. प्रमुखांना हे माहीत होतं. सहाय्यकाची नोकरी राहावी म्हणून त्यांनी वेळा बदलून लिहिल्या. चूक झाली ती दोघांची आहे.' खाली सही केली.

काही राहून जाऊ नये म्हणून कागद लेकीच्या हातात दिला आणि म्हटलं, मोठ्याने वाच. ती वाचायला लागली. 'प्रमुखांना' मधला 'प्र' तिला सहा महिने येत नव्हता. त्या बाई तोंडासमोर मेणबत्ती धरून तिच्याकडून तो म्हणवून घ्यायच्या, ज्योत हलली की टाळी वाजवायच्या, आणि मी शेजारी बसून घड्याळाकडे बघत असायची. आज तो स्वच्छ उमटला. तिच्या लक्षातही आलं नाही, ती पुढच्या वाक्यावर गेली.

मी टेबलाची कड धरून उभी होते. तिला कळू नये म्हणून म्हटलं, "पुन्हा एकदा वाच, पहिल्यापासून."

तिने वाचलं.